चार आठवडे न झोडपलेली गादी

आमच्या हिंटरमोस गावात बुर्गी श्टाडलरबद्दल एक बातमी कायमच्या मुक्कामाला आहे. ती म्हणे आपल्या पोरांना जन्मल्याबरोबर शेणात लोळवते. तळायचा मासा पिठात घोळवतात ना, तसं. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. म्हणूनच तिच्या घरात कोणी शिंकत नाही, कोणाला धाप लागत नाही आणि डॉक्टरला तिच्या घराचा रस्ताही ठाऊक नाही.

ही बातमी ऐकावी तर बेकरीवाल्या क्लोट्सबाईंच्या तोंडून. दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवायची, मान खांद्यांत ओढून घ्यायची आणि ओठ जवळजवळ न हलवता सुरू व्हायचं, "मी काही बोलत नाही हं. मी कशाला बोलू? पण माझ्या बहिणीच्या जावेनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय." मग पाव कागदात गुंडाळता गुंडाळता, "कुणाला सांगू नकोस." हे शेवटचं वाक्य त्या दिवसातून चाळीस गिऱ्हाइकांना सांगतात.

आता खरं काय ते सांगते. बुर्गीकाकूंचं घर आमच्या घरापासून तीनशे पावलांवर आहे आणि त्यांच्या अंगणात मी लहानपणापासून शिंकत आले आहे. त्यांच्याकडे चौदा तपकिरी गाई आहेत. गोठा आणि घर एकाच छपराखाली, मध्ये फक्त एक दार. त्या दाराच्या अलीकडे गोठ्यातलं पायताण आणायची कोणाची हिंमत नाही. एकदा खुद्द पाद्री चुकून लाकडी खडावांसकट स्वयंपाकघरात आले, तर काकूंनी त्यांना पुन्हा बाहेर काढून मोज्यांवर आत घेतलं, आणि मग आशीर्वाद घेतला. आमच्या भागात सगळ्याच बायका सकाळी खिडक्यांत दुलया टाकतात, शनिवारी गाद्या झोडपतात. पण काकू झोडपायला लागल्या की पलीकडच्या टेकडीवरून आवाज परत येतो. वेत वळवून केलेलं ते दांडकं त्यांच्या हातात असलं की मांजरसुद्धा पाय पुसून आत येतं.

शेणात लोळवायची गोष्ट कुठून आली, तेही मला ठाऊक आहे. आलोइस झाला तेव्हा घरात बाळाकडे बघणारं कोणी नव्हतं. लोरेन्झकाका लाकडं तोडायला रानात आणि दूध काढायला एकट्या काकू. मग त्यांनी धुण्याची टोपली घेतली, आत उशी घातली आणि ती टोपली गोठ्यातल्या वाटेवरच्या आकड्याला टांगली. आलोइस तिथे पडून गाईंची शेपटं मोजायचा. तो रडला की अल्मा नावाची गाय हंबरायची आणि काकू म्हणायच्या, "आले, आले, दोघांनी ओरडू नका." खूप वर्षांनी क्विरिन झाला, तोही त्याच टोपलीत वाढला. आलोइस आता स्वित्झर्लंडमध्ये सुतारकाम करतो, क्विरिन नऊ वर्षांचा आहे, आणि दोघांनाही कशाची ऍलर्जी नाही. बातमीत खरं आहे ते एवढंच.

बातमीतून एक माणूस मात्र गळलंय. एवीताई, काकूंची थोरली. ती झाली तेव्हा काकूंच्या सासूबाई होत्या. त्यांचं म्हणणं, गोठ्याची हवा बाळाला बाधते. म्हणून एवीताई पहिली दोन वर्षं वरच्या खोलीत, बंद खिडकीमागे, मेणाच्या बाहुलीसारखी. आणि या घरात धाप लागली ती नेमकी तिलाच. तिचा चार वर्षांचा फेलिक्ससुद्धा तसाच. जोरात पळाला की छातीत शिट्टी वाजते. एवीताई केम्प्टनला तिसऱ्या मजल्यावर राहते, नवरा ट्रक घेऊन इटलीला जातो आणि शनिवारी उगवतो. फेलिक्स मात्र डिसेंबरपासून आजीकडे आला नव्हता. "शहरात गेली की अशीच होतात," असं क्लोट्सबाई म्हणायच्या. अर्थात, त्या काही बोलत नाहीत.

मार्च महिन्यात शाळेतून चिठ्ठी आली. विद्यापीठाची माणसं गावोगाव फिरून बघणार होती की गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांना दमा आणि ऍलर्जी कमी का होते. काही घरं शेतकऱ्यांची हवी होती, काही आमच्यासारखी. माझे बाबा पोस्टात आहेत आणि आमच्या घरात गाय फक्त दुधाच्या खोक्यावर. प्रश्नांची यादी होती, दंडातून रक्त घ्यायचं होतं, आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मुलांच्या गाद्यांमधली धूळ घ्यायची होती.

धूळ न्यायला आल्या त्या डॉक्टर हार्टविग. थेट उत्तरेच्या समुद्राकाठच्या. उंच, सरळ, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. "नमस्कार. मी आपल्या पाल्याच्या शय्येतील धूलिकणांचा नमुना घेण्याकरिता उपस्थित झाले आहे." आमच्याकडे कोणी असं बोलत नाही, पाद्रीसुद्धा नाही. मी पंधरा मिनिटांत त्यांचा आवाज उचलला.

आधी त्या आमच्याकडे आल्या. लहानशा व्हॅक्यूम क्लीनरला पुढे एक पांढरी जाळी लावली आणि माझ्या गादीवरून दोन मिनिटं फिरवली. जाळी काढली तर राखाडी गोधडी. आईचा चेहरा त्या जाळीहून राखाडी. फ्राऊ डॉक्टर (आमच्याकडे डॉक्टरीणबाईंना असंच म्हणतात) मात्र खूश. "उत्तम! अत्यंत समृद्ध नमुना!" आईनं त्यांना केक दिला, पण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तिथून आम्ही दोघी काकूंकडे गेलो. मी पेटी धरायला म्हणून गेले, खरी गेले ती ऐकायला. एवीताई स्वयंपाकघरात बसली होती, पुढे आलेल्या पोटावर हात ठेवून. जूनमध्ये दुसरं बाळ होणार होतं. ती खास फ्राऊ डॉक्टरांना भेटायला बसनं आली होती. आल्यापासून आईशी तीन वाक्यं बोलली असेल, त्यातली दोन हवेबद्दल.

क्विरिनच्या खोलीत जाळी फिरली. दोन मिनिटं. मग आणखी दोन. फ्राऊ डॉक्टरांनी जाळी उजेडात धरली. पांढरीशुभ्र.

"श्रीमती श्टाडलर, ही गादी नवी आहे का?"

"नवी? सतरा वर्षांची आहे!" काकूंची मान ताठ.

"मग धूळ कुठे आहे?"

"आमच्या घरात धूळ नसते, फ्राऊ डॉक्टर." आणि मग, बक्षीस मिळेल अशा आवाजात, "काल दिवसभर झोडपली. खोळ उकळत्या पाण्यातून काढली. तुम्ही एवढ्या लांबून येणार म्हटल्यावर!"

फ्राऊ डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसल्या. इस्त्री जरा चुरगळली. "मी सातशे किलोमीटर दूरची मुलगी. गेले तीन महिने या डोंगरांत धूळ शोधत हिंडते आहे. आणि प्रत्येक गावात मी येणार म्हणून एक तरी माउली गादी धुऊन ठेवते." मग त्यांनी समजावलं. गोठ्यातून अंगावर, कपड्यांवर, श्वासातून जे नाना तऱ्हेचे जंतू घरात येतात, ते गादीत साठतात. ते मोजायचे आहेत. ही गादी चार आठवडे तशीच ठेवायची. चादर नेहमीसारखी बदला, पण गादी झटकायची नाही, झोडपायची नाही, उन्हात टाकायची नाही.

काकूंनी बोटांवर मोजलं. "चार आठवडे? मध्ये इस्टर येतं! इस्टरची साफसफाई!"

दारातून एवीताईचं हसू आलं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "फ्राऊ डॉक्टर, दुसरं घर बघा. कागदावर लिहिलेलं पाळणं माझ्या आईला जमत नाही."

गोठ्यात एका गाईनं साखळी वाजवली.

डिसेंबरात काय झालं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. फेलिक्स दोन दिवस आजीकडे होता. एवीताईनं कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता. सकाळ-संध्याकाळ पंपाचे दोन झटके, गवताच्या माळ्यावर जायचं नाही, धाप लागली तर काय करायचं. काकूंनी पोराकडे बघितलं. गुबगुबीत, लाल गाल, तोंडात बिस्किट. एवढ्या धडधाकट लेकराच्या तोंडात औषध कशाला मारायचं? मोकळी हवा आहे ना! पंप खिडकीतच राहिला. दुसऱ्या दिवशी पोरगं माळ्यावर गवतात उड्या मारून आलं आणि दुपारी चारला त्याचे ओठ निळे पडले. रुग्णवाहिका आली. फेलिक्स तीन दिवसांत बरा झाला. त्याची आई आणि आजी मात्र अजून झाल्या नव्हत्या.

"एवी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज म्हणजे गाईंना टेकडीपलीकडून बोलावणारा आवाज, पण तेव्हा तो मला चार हातांवर जेमतेम ऐकू आला. "चार आठवडे पाळलं तर?"

"तर बघू."

"बघू नाही. बाळंतपणाला ऑग्सबर्गला सासूकडे जाणार आहेस, मला ठाऊक आहे. मी हे पाळलं तर इथे यायचं. फेलिक्सला घेऊन."

एवीताईनं त्या सतरा वर्षांच्या गादीकडे बघितलं. त्या घरात ती अठरा वर्षं राहिली होती, शनिवार कसे असतात ते तिला माहीत होतं. "पाळलंस तर येईन," ती म्हणाली. "पण नाही पाळणार तू."

इथे माझं तोंड उघडलं. ते उघडायला नको होतं, पण ते कधी विचारून उघडत नाही. "काकू, पैज! इस्टरपर्यंतसुद्धा नाही टिकणार तुम्ही."

"आणि टिकले तर?"

"तर... तुमच्या घरातल्या सगळ्या गाद्या मी झोडपीन. पण हरलात, तर उन्हाळ्याच्या जत्रेत स्टेजवर मी तुमची नक्कल करणार. तुमचा डोक्याचा रुमाल, तुमचा एप्रन, सगळं तुमचंच."

काकूंनी हात पुढे केला. गाईचं दूध काढणारा हात. माझी बोटं संध्याकाळपर्यंत दुखत होती.

मग सुरू झाली खिडक्यांची मोजणी. रोज शाळेला जाताना मी बघायची. श्टाडलरांच्या घराला रस्त्याकडे सात खिडक्या. सहांतून दुलया जिभेसारख्या लोंबताहेत आणि सातवी, क्विरिनची, बंद. (दुलईलाही हात लावू नये असं काकूंनी स्वतःच ठरवलं. गादीच्या शेजारणीवर त्यांचा विश्वास नव्हता.) पहिला शनिवार आला. काकूंनी घरातल्या बाकीच्या गाद्या अशा झोडपल्या की आमच्या चहाच्या कपांत लाटा उठल्या. सातवी खिडकी बंद.

आता आमच्यासारख्या गावात एक खिडकी बंद राहते आणि कोणी काही बोलत नाही, असं होईल का? आठ दिवसांत बेकरीत नवी बातमी. "मी काही बोलत नाही हं. पण श्टाडलरांचा क्विरिन... नऊ वर्षांचा घोडा... गादी ओली करतो. आई लाजेनं गादी बाहेर काढत नाही."

ते शाळेत पोचलं. क्विरिननं दोघांची नाकं लाल केली, स्वतःचा सदरा फाडून आणला आणि मग स्वयंपाकघरात उभा राहून तो ओरडला, "आई, झोडप ती गादी! उद्याच्या उद्या रस्त्यावर झोडप! सगळ्यांना बघू दे!"

काकू श्पेट्झलेचं, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवयांचं, पीठ फेटत होत्या. त्या थांबल्या नाहीत. "फेलिक्स तुझा कोण?"

"भाचा."

"तू त्याचा मामा. मामाला एवढं सोसायलाच लागतं."

"त्याच्यासाठी मी मुततो म्हणून लोकांना सांगू?"

"लोकांना काही सांगू नको. चीज जास्त घालू?"

क्विरिननं चीज जास्त घालून घेतलं. पण मामा होणं त्याला फारसं आवडलेलं दिसलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी काकू आमच्या दारात उभ्या. हातात वेताचं दांडकं. आई घाबरून दोन पावलं मागे गेली. "हे तुमच्याकडे ठेवा," काकू म्हणाल्या. "कुलपात. मी मागायला आले तरी देऊ नका. मी रडले तरी देऊ नका." आईनं ते बाबांच्या कोटांच्या कपाटात ठेवलं. काकू परत जाताना रिकामा हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा हलवत गेल्या. मला हसू येत होतं आणि जरा येतही नव्हतं.

इस्टरच्या आठवड्यात सगळं गाव खिडक्यांतून बाहेर येतं. गालिचे, पडदे, खुर्च्या, आजोबा. चहूकडे धपधप. बर्च झाडांचा पिवळा धुरळा हवेत, माझं नाक नळासारखं. आणि काकू अजून टिकून होत्या! बुधवारी मला माझी जत्रा हातातून निसटताना दिसायला लागली. काय पणाला लागलंय ते मला माहीत होतं. तरीही मी ते केलं. नंतर स्वतःला बरीच कारणं सांगितली, त्यातलं एकही टिकलं नाही.

मी आमच्या घरातल्या बोळकांडीतल्या फोनवरून नंबर फिरवला, पाठीचा कणा ताठ केला आणि शब्दांना इस्त्री केली.

"नमस्कार, श्रीमती श्टाडलर. मी डॉक्टर हार्टविग. आपणांस कळविण्यास खेद होतो की हा अभ्यास काही अपरिहार्य कारणांमुळे स्थगित करण्यात आला आहे. आपण आपल्या शय्येची स्वच्छता निःसंकोचपणे..."

आणि तिथेच आली. शिंक. माझी शिंक सगळ्या गावाला ओळखू येते, तीन टप्प्यांत येते, शेवटचा टप्पा कुत्र्याच्या भुंकण्यासारखा.

पलीकडून काकू म्हणाल्या, "कळलं, फ्राऊ डॉक्टर. आईला सांगा, तुमच्या नाकाला जरा मीठ-पाण्याची वाफ द्यायला."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्या पुन्हा बोलल्या, आणि या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "झिटे, आवाज चांगला काढलास. मी अर्धी फसले होते. हात गादीकडे निघालाही होता. पण एक ऐक. तू हरलीस तर तुझं नाटक जाईल. मी हरले तर माझं नातवंड जाईल. आलं लक्षात?"

"हो, काकू."

"मग वाफ घे."

मी वाफ घेतली. बराच वेळ, टॉवेल डोक्यावरून घेऊन, कारण मला कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

शनिवार उजाडला, इस्टरचा आदला दिवस. काकू इतर बायकांबरोबर चर्चमध्ये फुलं लावायला गेल्या होत्या. मी पाव घेऊन परत येत होते, तर श्टाडलरांच्या अंगणात बघते काय, सातवी खिडकी सताड उघडी आणि लोरेन्झकाका क्विरिनची गादी खांद्यावर टाकून बाहेर येताहेत.

लोरेन्झकाका दिवसाला सात शब्द बोलतात, रविवारी पाच. पण ते बघत असतात. चार आठवडे बायको कशी घुसमटते आहे, रात्री जेवताना तिचे हात कसे टेबलावर ताल धरतात, ते त्यांनी बघितलं होतं. इस्टरची भेट म्हणून ते तिची गादी झोडपून देणार होते, गुपचूप. दांडकं सापडलं नव्हतं म्हणून फावडं घेतलं होतं. कसलं पथ्य, कुणाची अट, यातलं त्यांच्या कानापर्यंत किती पोचलं होतं देव जाणे. जे ऐकलं असेल त्याला त्यांनी बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिलं असणार.

गादी कुंपणावर पडायला चार पावलं. माझी पैज जिंकायलाही चारच पावलं. मला फक्त गप्प राहायचं होतं. मी आयुष्यात कधी गप्प राहिले नाही, पण त्या दिवशी राहिले असते तर कोणी मला बोलही लावला नसता.

मी पोट आत ओढलं, हनुवटी वर केली आणि गाईंना टेकडीपलीकडून बोलावणारा आवाज काढला. "लो-रेन्झ! ठेव ती गादी! जिथली तिथं! आत्ताच्या आत्ता!"

काका जागच्या जागी थिजले. चर्चकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. मग अर्धवट वाकून, बाळाला परत पाळण्यात ठेवावं तशी ती गादी हलक्या हातांनी वर घेऊन गेले. खिडकी बंद झाली. आजही काकांना वाटतं की बायको चर्चमधून ओरडली होती. त्यांना त्यात काही नवलही वाटत नाही.

काकूंना हे कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही. पण इस्टरच्या सकाळी चर्चमध्ये जाताना त्या माझ्या शेजारून गेल्या आणि माझ्या टोपलीत एक अंडं टाकलं, लाल रंगाचं. नुसतं टाकलं आणि पुढे गेल्या.

मंगळवारी फ्राऊ डॉक्टर आल्या. एवीताईसुद्धा आली. जाळी फिरली. दोन मिनिटं. बाहेर काढली तेव्हा तिच्यावर एक राखाडी टोपी बसली होती.

"अप्रतिम!" फ्राऊ डॉक्टर ओरडल्या, आणि या वेळी इस्त्री-बिस्त्री काही नव्हती. "काय धूळ आहे!"

काकूंनी एप्रन तोंडावर घेतला. "ही धूळ ज्या बाटलीत भराल, तिच्यावर माझं नाव लिहिणार?"

"नाही, फक्त आकडा. चारशे सतरा."

"देवाची कृपा." एप्रन खाली आला. मग त्यांनी मध्येच थांबून विचारलं, आणि मला कळलं की हा प्रश्न त्यांनी चार आठवडे सांभाळून ठेवला होता. कदाचित सत्तावीस वर्षं. "फ्राऊ डॉक्टर, एवीला मी वरच्या खोलीत ठेवलं. गोठ्यात नेलं नाही. आणि मी फरशी पुसते, दिवसातून दोनदा. त्यामुळे तिला...?"

एवीताईनं मान वर केली.

"एका मुलीवरून मला काहीच सांगता येणार नाही," फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या. "वरच्या खोलीत वाढलेली किती तरी मुलं ठणठणीत असतात आणि गोठ्यात वाढलेल्या काहींना दमा होतो. आम्हांला फक्त असं दिसायला लागलंय की पोटात असल्यापासून, पहिल्या वर्षात, ज्यांची गोठ्याशी ओळख होते, त्यांच्यात हे कमी आढळतं. का, ते अजून शोधतोय. पण फरशी पुसून कोणाला दमा झाल्याचं मी ऐकलेलं नाही. हात धुणं सोडू नका. लहान मुलांना दूध उकळूनच द्या."

"उकळूनच देते. माझा भाऊ कच्च्या दुधानं आजारी पडला होता."

"आणि फेलिक्स?" एवीताईनं विचारलं. "तो गोठ्यात खेळला तर बरा होईल?"

"तसं समजू नका. त्याचा पंप म्हणजे त्याचा पंप. गवताच्या माळ्यापासून लांब. येणाऱ्या बाळाबद्दल मी शपथ घेऊ शकत नाही, पण गोठ्याला घाबरण्याचं कारण मला दिसत नाही."

एवीताईनं पर्समधून एक कागद काढला आणि कपाटाच्या दारावर चिकटवला, डिसेंबरातल्या त्याच जागी. काकूंनी त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणायला लागल्या, शाळेत कविता म्हणतात तशा, हात मागे बांधून. "सकाळी दोन झटके. संध्याकाळी दोन. मग चूळ भरायची. माळ्यावर नाही. धाप लागली तर बसवायचं, निळा पंप, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर फोन, आजीची अक्कल नाही."

"आजीची अक्कल असं लिहिलेलं नाहीये, आई."

"ते मी घातलं."

एवीताई हसली, आणि या वेळी त्यात हसण्यासारखं होतं. "मेच्या शेवटी येते," ती म्हणाली. "शनिवारी फेलिक्सला दाखवायला आणते."

शनिवारी आईनं कुलूप काढून दांडकं माझ्या हातात दिलं. मी नाकाला रुमाल बांधला. श्टाडलरांच्या कुंपणावर गाद्यांची रांग लागली होती, अकरा, त्यातल्या तीन अशा पाहुण्यांच्या की जे पाहुणे काकूंनी कधी आत येऊच दिले नाहीत. रस्त्यावर क्लोट्सबाई उभ्या, काही न बोलता. पहिली गादी क्विरिनची. तो स्वतः ती सगळ्या गावादेखत घेऊन आला, उलटी करून दाखवली, सुलटी करून दाखवली, आणि मगच बाजूला झाला.

स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. आत काचेला नाक चिकटवून फेलिक्स उभा होता, धुळीत बाहेर यायचं नाही म्हणून. प्रत्येक गादी झाली की एक बोट वर करायचा. दहा बोटं संपली तेव्हा त्यानं आजीकडे बघितलं आणि आजीनं अकरावं बोट आपलं दिलं.

"झालं!" मी रुमाल खाली ओढला. हात माझे राहिले नव्हते. "अकरा! फिटली पैज!"

"थांब," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातांत एक लहानशी गादी होती, हातभर लांब, निळ्या पट्ट्यांची, घोड्याच्या केसांनी भरलेली. पाळण्यातली.

"ही मोजलेली नव्हती, काकू!"

"सगळ्या गाद्या म्हणालीस. आकडा तू घातला नव्हतास." त्यांनी ती कुंपणावर ठेवली आणि कडा सारखी केली. "हळू झोडप. जून महिन्याला लागणार आहे."

मी हळू झोडपली. तरी शिंक आली, तीन टप्प्यांत.